समता कॉलनीतलं युगांडा

आमचे फोरमनसाहेब दोनदा युगांडात राहिले. दुसऱ्यांदा खऱ्या युगांडात. पहिल्यांदा तीन आठवडे, रायपूरच्या समता कॉलनीत, स्वतःच्याच घराच्या वरच्या खोलीत. खऱ्या युगांडात मी कधी गेलो नाही. समता कॉलनीतल्या युगांडाच्या मात्र सरहद्दीपर्यंत, म्हणजे जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत, पाच-सहा वेळा जाऊन आलो आहे. त्यापुढे मला कुणी जाऊ दिलं नाही. पायरीवर काकू, म्हणजे फोरमनसाहेबांची बायको, मेथी निवडत बसलेल्या असायच्या.

राज्य नवं झालं होतं आणि रायपूर राजधानी. शंकर नगरातल्या बंगल्यांवर भराभर सरकारी पाट्या चढत होत्या. काल ज्या दिवाणखान्यात साखरपुडा झाला, तिथे आज एखाद्या खात्याचे संचालक फायली घेऊन बसलेले असत. जिकडे तिकडे बांधकाम, त्यामुळे लोखंडाला कधी नव्हे एवढी मागणी. त्याच दिवसांत मी नागपूरहून इंजिनियरिंगची पदवी घेऊन शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, उरल्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये लागलो. लाल तापलेले लोखंडाचे ठोकळे एकामागून एक रोलांच्या खोबणींतून दाबत न्यायचे आणि पलीकडच्या टोकाला सळई काढायची, हा मिलचा धंदा. फोरमनसाहेब तिथे सत्तावीस वर्षांपासून होते. भंडाऱ्याकडून ऐन पंचविशीत आले, भट्टीवर कोळसा ओढला, आणि हळूहळू सगळी मिल त्यांच्या मुठीत गेली. पदवी वगैरे काही नाही. पदवीवाल्यांवर रागही नाही, फक्त कीव.

माणसांना ते सळईच्या मापानं ओळखत. शेठ बत्तीस एमएम. मिस्त्री सोळा एमएम. मी पहिल्या दिवशी केबिनमध्ये शिरलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून मला खालपासून वर पाहिलं आणि विचारलं, "आठ एमएम का बे?" त्यानंतर दोन वर्षं मिलमध्ये माझं नाव कुणाला लक्षात ठेवावं लागलं नाही. काकूंना ते सहा एमएम म्हणत, आणि वर पुस्ती जोडत, "पण वाकत नाई."

डबा ते उभ्यानंच खात, मिलकडे तोंड करून. चहात साखर घालून ढवळत नसत. तळाशी राहिलेली साखर शेवटी बोटानं चाटत आणि म्हणत की ढवळून टाकलं की मग वाट पाहायले काय उरते. कुणी लगबगीनं काही सांगायला आलं तर त्याला आधी पाणी प्यायला लावत. "घाईत कसलेला स्क्रू आणि घाईत केलेलं लग्न, दोन्ही ढिले करायले लय वेळ लागते," हे मी महिन्यातून एकदा तरी ऐकलं असेल. एकदा शेठच पळत आले तर त्यांनाही ग्लास पुढे केला. शेठ मुकाट्यानं प्यायले.

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे लाकूड. सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या, लाकडाच्या हातभर काटक्या ते सोलून ठेवत. रोलांतून लाल सळई धावत असताना जवळ जाऊन काटकीचं टोक तिच्यावर क्षणभर आडवं टेकवत. चर्र आवाज होई, धूर निघे, आणि लाकडावर जळकी खूण उमटे. त्या खुणेवरून त्यांना कळे की सळई कुठल्या बाजूला फुगली आहे, कुठे कमी भरली आहे. मग स्वतः जाऊन कुठला तरी स्क्रू थोडासा फिरवत, आणि वाकडी येणारी सळई सुतासारखी सरळ यायला लागे. काटकी घेऊन ते केबिनमध्ये जात, खिशातल्या चाकूनं तिच्याशी काहीतरी खुडबुड करत, आणि लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावत.

"सर, काय दिसलं?" मी विचारायचो.

"लाकूड दिसलं."

माझ्याआधी चार इंजिनियर त्यांच्या हाताखाली येऊन, हेच उत्तर ऐकून, कंटाळून निघून गेले होते. मीही जाणारच होतो. राहिलो तो निव्वळ आळसानं.

एका दुपारी त्यांनी मला पाणी दिलं, बसवलं, आणि ड्रॉवरमधून तीन पासपोर्ट काढून टेबलावर मांडले. दोन जुने, मुदत संपलेले. एकावर तिशीतले फोरमनसाहेब, दाट केसांचे. दुसऱ्यावर चाळिशीतले. तिसरा नवा, टक्कल असलेला. जुने दोन्ही उघडून त्यांनी मला पानं उलटून दाखवली. सगळी कोरी.

"पहिल्या खेपेले मस्कतची नोकरी होती," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपेले नैरोबीची. दोन्ही वेळा शेठजी आडवे आले. तू गेला तं मिल कोण चालवेल म्हणे. मले तेव्हा लय बरं वाटलं बे. छाती फुगली. घरी जाऊन हिले सांगितलं, पाह्य, माह्याशिवाय मिलचं पान हालत नाई. ही म्हणाली, तं मंग तुमचंही नाई हालणार."

आता युगांडातून बोलावणं आलं होतं. नवी मिल उभी करून चालू करायची, दोन वर्षांचा करार. तिकडचे मालक आमच्या शेठच्या नात्यातले, त्यामुळे शेठ हो म्हणाल्याशिवाय ते घेणार नव्हते. फोरमनसाहेब पंचावन्नचे झाले होते. चौथा पासपोर्ट काढायची वेळ येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"माह्या पायातली बेडी मीच घडवली," ते म्हणाले. "कोणालेच काई शिकवलं नाई."

शेठनं या वेळी सरळ नकार दिला नाही. अट घातली. मिल सळईवरून अँगलवर, म्हणजे काटकोनात दुमडलेल्या पट्टीवर, बदलायची होती; म्हणजे प्रत्येक स्टँडमधली रोलांची जोडी बदलायची, सगळी जुळणी नव्यानं करायची. हे काम आजवर फोरमनसाहेबांशिवाय कधीच झालं नव्हतं. शेठ मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "देखो बाबू, इनके बगैर एंगल निकल गया, तो ये जाएँ, खुशी से जाएँ। नहीं निकला तो नहीं जाएँगे। अब तुम जानो।"

मी जाणो! दोन वर्षांत ज्यानं फक्त 'लाकूड दिसलं' एवढंच शिक्षण घेतलं होतं, त्याच्या गळ्यात हे घोंगडं. मी तडक फोरमनसाहेबांकडे गेलो. म्हटलं, आता तरी शिकवा, आठवडाभर हात धरून शिकवा. त्यांनी मान हलवली. "मी बाजूले उभा असलो का तू माह्या तोंडाकडेच पाहशील. सगळे तेच करतेत." मग कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "यात सगळं आहे. मी सोमवारपासून युगांडात."

मला वाटलं, बोलण्याची एक पद्धत. सोमवारी सकाळी मिस्त्रीनं भट्टीवरून ओरडून विचारलं, "साहब कहाँ हे?" तेव्हा मी त्यांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"ते नाईत बाप्पा. युगांडात गेले."

"असं कसं? तिकीट तर अजून यायचंय!"

"वरच्या खोलीत आहे युगांडा," काकू शांतपणे म्हणाल्या.

ही खोली भाड्यानं मागायला भोपाळहून बदली होऊन आलेले निम्मे कारकून येऊन गेले होते. फोरमनसाहेबांनी कुणालाच दिली नव्हती. आता तिथे एक स्टोव्ह, दोन पातेली, एक खाट आणि ते स्वतः राहायला गेले. घड्याळ अडीच तास मागे केलं, कारण तिकडे तेवढी वेळ मागे असते. आपले साडेआठ वाजले की ते सहाला उठत. काकू सांगत, "रातच्याले फोनवर दिवा मालवायले सांगितलं, तं म्हणतात, तू झोप, माह्याकडे आता कुठं संध्याकाळ होऊन राहिली." काकूंशी बोलणं आठवड्यातून एकदा, तेही फोनवर, गच्चीवरून शेजारच्यांकडे उतरून त्यांच्या फोनवरून खालच्या फोनला. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस, ज्यानं आयुष्यात चहाही उकळला नव्हता, तो डाळ शिजवायला शिकत होता. करपल्याचा वास जिन्यावरून खाली यायचा. काकू नाकाला पदर लावत, पण पायरीवरून हलत नसत. "शिकू दे. तिथं मी थोडीच जाणार आहो लगेच."

मीही एकदा वरच्या खोलीशी फोनवर बोललो. पहिल्याच अँगलनं रोलातून उसळी मारून लाल नागासारखी छताकडे झेप घेतली होती, माणसं जीव घेऊन पळाली होती. कुणाला लागलं नाही हे नशीब. मिल बंद पडली. मी काकूंच्या हातापाया पडलो, त्यांनी शेजाऱ्यांकडे निरोप पाठवला, आणि शेवटी फोरमनसाहेब लाईनवर आले.

"सर, दुसऱ्या स्टँडमधून बाहेर पडतंय, वळून पडतंय, काय करू?"

"हॅलो? हॅलो?" ते ओरडले. "आवाज तुटून राहिला! हॅलो, इंडिया?"

"सर, मी उरल्यातून बोलतोय!"

"काईच ऐकू नाई येऊन राहिलं! समुद्र लागते ना मंधात!" आणि ठेवून दिला. समता कॉलनीपासून उरल्याचं अंतर किती, तर स्कूटरनं धूळ खात अर्धा तास.

मी संतापलो. जळकी काटकी घेऊन थेट त्यांच्या घरी गेलो आणि काकूंच्या हातात दिली, म्हटलं वर द्या, एवढं सांगा काय दिसतंय. काकू वर गेल्या, दाराबाहेर ठेवून आल्या. दोन मिनिटांत काटकी जिन्यावरून गडगडत परत आली. मागोमाग आवाज, "पोस्टानं पाठव म्हणा! पंधरा दिवस लागतात!" मी हताश होऊन अंगणात आलो. वर गच्चीच्या दोरीवर परदेशस्थ माणसाचं बनियन वाळत होतं, उरल्याकडून येणाऱ्या काजळीनं काळं होत.

त्याच रविवारी कॉलनीतल्या मराठी मंडळींनी त्यांचा निरोप समारंभ ठरवला होता. शाल, श्रीफळ, भाषणं. बोलावणं आल्याचं कळलं तेव्हाच तारीख ठरलेली. आपण देशात नाही, म्हणून फोरमनसाहेब आले नाहीत. समारंभ काकूंनी आपल्याच अंगणात घेतला. सतरंज्या टाकल्या, पोहे केले. लोकांनी एका न आलेल्या माणसाची तोंडभर स्तुती केली, आणि वरच्या खिडकीचा पडदा सारखा हलत होता. एक निवृत्त रेल्वेबाबू बोलता बोलता एवढे भरून आले की "त्यांची आठवण आपल्यात सदैव जिवंत राहील" म्हणून बसले. काकू ताडकन उठल्या. "अहो, पोहे खाऊन राहिले ते! मी आताच ताट ठेवून आली दाराशी!" शाल त्यांनीच अंगावर घेतली. थंडीचे दिवस होते, त्यांना ती छान दिसत होती.

दोन आठवडे संपत आले होते. अँगल अजून निघाला नव्हता. निघेल तो वाकडा, नाहीतर उसळून बाहेर. "फेर भाग गे साहब," म्हणजे परत पळाला, एवढंच मिस्त्री म्हणायचा आणि गॅसकटर घेऊन तुकडे करायला लागायचा. शेठ रोज येऊन बघून जात. त्यांच्या चालीत हळूहळू खुशी दिसायला लागली होती. फोरमनसाहेब राहणार, अशी त्यांची खात्री पटत चालली होती. माझ्या नालायकीपायी एका माणसाचा तिसरा पासपोर्टही कोरा राहणार होता.

मग मी ते कपाट उघडलं. आधीही उघडलं होतं, पण आत मणभर जळकं लाकूड बघून लावून टाकलं होतं. या वेळी एका दुपारी सगळ्या काटक्या केबिनच्या फरशीवर पसरल्या. तेव्हा दिसलं. प्रत्येक काटकीच्या जळक्या टोकाच्या विरुद्ध टोकाला चाकूच्या खाचा होत्या. कुठे दोन, कुठे पाच. काही वरच्या कडेला, काही खालच्या. एका टोकाला आजार, दुसऱ्या टोकाला औषध. दोन वर्षं त्यांना स्क्रू फिरवताना पाहिलं होतं, त्यावरून कळलं की खाच म्हणजे स्क्रूचा पाव फेरा. वरच्या कडेला असेल तर कसायचा, खालच्या कडेला असेल तर ढिला करायचा. इतकी वर्षं या माणसानं वही न ठेवता सगळं लिहून ठेवलं होतं. अँगलच्या काटक्या वेगळ्या केल्या, माझ्या काटकीशी जुळणारी शोधली आणि तिच्यावरच्या खाचांप्रमाणे धडाधड स्क्रू फिरवले.

अँगल आधीपेक्षा जास्त वाकडा आला. तीनदा केलं, तीनदा तेच.

त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेलो ते हार कबूल करायला. म्हटलं, वर सांगा, माझ्यानं होत नाही, मला माफ करा. काकू पायरीवरच होत्या. माझं सगळं ऐकलं, मेथीची एक काडी मोडली, आणि भलतंच बोलायला लागल्या.

"काल पोळपाट मागितला वर. पोळ्या करून राहिले. मी दाराच्या फटीतून पाहिलं. डावखुरा माणूस, लाटणं डाव्या हातात. माह्या आठवणीतच नव्हतं बावा. पोळी आपली जिकडं सरकते, त्याच्या उलट्या बाजूले सरकते त्यांची. मी तं पाहतच राहिली."

मी ऐकतच राहिलो. दोन वर्षं रोज त्यांना डाव्या हातानं काटकी धरताना पाहिलं होतं. ते सळईच्या डावीकडे उभे राहून टेकवत, म्हणून काटकीचं टोक सळईच्या उजव्या कडेला लागे. मी उजवीकडून उजव्या हातानं टेकवायचो, माझं टोक डाव्या कडेला. माझी प्रत्येक खूण त्यांच्या खुणेच्या उलटी होती. तिन्ही वेळा मी औषध बरोबर देत होतो आणि भलत्या बाजूला लावत होतो.

"काकू, हे त्यांनी वरून सांगायला सांगितलं का हो?"

"छे!" त्या म्हणाल्या. "बोलणं कुठं होते आमचं? आयएसडी किती महाग असते." आणि मेथीत मान घातली.

दुसऱ्या दिवशी मी काटकी डाव्या हातात धरली आणि लाल अँगलच्या डावीकडे उभा राहिलो. हात भाजला, पण खूण पटली. दोन खाचा एका बाजूला कसल्या, एक खाच दुसऱ्या बाजूला सोडली. भट्टीतून ठोकळा आला, पहिल्या स्टँडमध्ये शिरला, दुसऱ्यात शिरला, आणि शेवटी असा सरळ, कोरा, दोन्ही कडा सारख्या असलेला अँगल बाहेर आला की मिस्त्रीनं गमछा काढून हवेत उडवला. शेठ तिथेच होते. वाकून दोन्ही कडा पाहिल्या. मग म्हणाले, "ठीक है भाई। जाने दो फोरमन साहब को।" त्यांचा चेहरा पडला होता. त्यांच्यावरही मला त्या क्षणी माया आली.

फोरमनसाहेब युगांडातून परत आले ते शनिवारी दुपारी. बॅग घेऊन जिना उतरले, घड्याळ अडीच तास पुढे केलं, आणि पाटावर बसले. काकूंनी ताट वाढलं. "कसं होतं तिकडं?" त्यांनी विचारलं.

"भाजी जळते," ते म्हणाले. "बाकी चांगलं आहे."

जायच्या दिवशी स्टेशनवर मी काकूंबरोबर होतो. मुंबईची गाडी, तिथून विमान. फोरमनसाहेबांनी माझ्या भाजलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं, बोटं उलटीपालटी केली. "दहा एमएम झाला," म्हणाले, आणि डब्यात चढले. काकू रडल्या नाहीत. तीन आठवड्यांत सवय झाली, असं मला सांगत होत्या. पण परतताना रिक्षात शालीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. सहा महिन्यांनी त्यांनाही बोलावणार होते.

चार महिन्यांनी तिकडून सुट्टीवर आलेला एक माणूस मिलमध्ये येऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट पुडी देऊन गेला. आत पिवळसर, अनोळखी लाकडाची हातभर काटकी होती. एका टोकाला जळकी खूण. चिठ्ठी नाही. मी दुसरं टोक पाहिलं, फिरवून फिरवून पाहिलं. त्यावर एकही खाच नव्हती.

मी केबिनचं दार लावून घेतलं. काटकी डाव्या हातात धरली, डोळे मिटून ते जसे उभे राहत तसा उभा राहिलो, आणि मग खूण वाचली. नंतर घड्याळातून अडीच तास वजा केले आणि फोन लावला. लाईन इतकी स्वच्छ की त्यांचं खाकरणंसुद्धा ऐकू आलं.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं. नाव नाही, गाव नाही.

"उजवी कड फुगतेय, सर. तीन खाचा कसा. डावीकडे अर्धी सोडा."



"मलेही तेच दिसलं," ते म्हणाले. "पण इथं विचारायले कोणी नाई ना बे." आणि मग, "हॅलो? ऐकू येऊन राहिलं ना तुले?"

"येऊन राहिलं, सर," मी म्हणालो. "एकदम साफ."